चुंबकाने दाखविलेले दुखणे

वऱ्हाडातल्या कुठल्याही गावी जा. कापूस वेचणीचे दिवस असोत की तुरीच्या सोंगणीचे, संध्याकाळी पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "कंबर लय दुखून राह्यली, बापा!" त्यावर उत्तरही ठरलेले असते. कोणी म्हणतो उसण भरली, कोणी म्हणतो चमक निघाली. कोणी तेल लावून चोळून देतो. एखादी म्हातारी सांगते की पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घे, उद्या बंडी हाकशील. आणि गंमत अशी की दहांतल्या नऊ वेळा तो माणूस काही आठवड्यांत खरोखरच बंडी हाकू लागतो! चोळणाऱ्याचे नाव होते, पायाळूचे नाव होते. खरे म्हणजे साधे दुखणे आपल्या गतीनेच बरे झालेले असते.

पण मंडळी, प्रश्न त्या दहाव्याचा आहे. त्याची कंबर पंधरा दिवसांनी थांबत नाही. रात्री अंथरुणावर पडले तरी ठणकते. संध्याकाळी अंगात कणकण येते, अन्न गोड लागत नाही, धोतर सैल होते. महिना जातो, दोन महिने जातात. एक दिवस धुऱ्यावरून उतरताना पाय लटपटतो. तालुक्याला जाऊन "फोटो" काढला, तर त्यात काही दिसत नाही. मग घरचे म्हणतात, "फोटोत काहीच नाही तर मग काहून कण्हतो?" त्या बिचाऱ्याला कामचुकार ठरवले जाते. वास्तविक त्याच्या मणक्यात क्षयाने घर केलेले असू शकते. फोटोत ते आले नाही, याचा अर्थ ते नाही असा होत नाही. तो फोटो जे पाहू शकतो त्यात ते अजून आले नाही, एवढाच अर्थ होतो.

हे अंतर ज्या यंत्राने मिटविले, त्याला आपण "एमआरआय" म्हणतो. खेड्यांत त्याला "मोठा फोटो" किंवा "मशिनीतला फोटो" म्हणतात. मराठीत नाव द्यायचे तर चुंबकीय अनुनाद प्रतिमा. हे यंत्र कसे निर्माण झाले, त्यात आपल्या मुंबईतल्या एका प्रयोगशाळेशी जोडलेले नाव कसे आले आणि आपल्या वऱ्हाडातल्या माणसाने त्याचा उपयोग केव्हा करावा, ही हकीगत आज सांगावयाची आहे.

प्रथम जरा मागे जाऊ. शरीराच्या आत डोकावण्याचे साधन शतकानुशतके वैद्याजवळ नव्हते. त्याच्याजवळ बोटे होती, कान होते आणि अनुभव होता. १८१६ साली फ्रान्समधील लेनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी छातीवर धरून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातून आजचा स्टेथोस्कोप निघाला. म्हणजे आतले ऐकू येऊ लागले. पाहता मात्र येत नव्हते.

तो पडदा ८ नोव्हेंबर १८९५ रोजी फाटला. जर्मनीत राँटगेन नावाच्या प्राध्यापकास अंधाऱ्या खोलीत एक अज्ञात किरण सापडला. गणितात अज्ञात राशीस आपण "क्ष" म्हणतो, म्हणून हा क्ष-किरण. त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली. जगभर खळबळ उडाली. मोडलेले हाड, छातीतला क्षय, पोटात गेलेले नाणे, सारे दिसू लागले.

परंतु क्ष-किरण म्हणजे शेवटी सावली. कंदिलासमोर हात धरला की भिंतीवर सावली पडते, तशीच ही. घट्ट हाडाची सावली गडद पडते. मऊ भागाची फिकी पडते. मज्जारज्जू, मेंदू, मणक्यांमधली गादी, हाडाच्या पोटातला मगज, ही सारी मऊ मंडळी या सावलीत हरवून जातात. मणक्याच्या क्षयाचेच पाहा. हाडाचा सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मा भाग झिजून गेल्याशिवाय साध्या क्ष-किरण चित्रात तो नीटसा उमटत नाही. घर वाळवीने आतून पोखरले आणि भिंत मात्र बाहेरून शाबूत, अशी ती स्थिती. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे काप-काप करून चित्र दाखविले. तोच सीटी स्कॅन. प्रगती फार मोठी. पण साधन तेच, क्ष-किरणांचे.

आता दुसरी वाट पाहू. ही वाट दवाखान्यातून निघालीच नव्हती. ती निघाली पदार्थविज्ञानाच्या एका निरुपयोगी वाटणाऱ्या प्रश्नातून : पाण्याच्या थेंबातला हायड्रोजनचा अणुगर्भ चुंबकाजवळ नेला तर तो काय करतो?

गुरुजनांनी हे वर्गात भोवरा घेऊन दाखवावे. भोवरा फिरता फिरता कलला की तो पडत नाही. आपल्या अक्षाभोवती फिरत असतानाच मान डोलावतो. हायड्रोजनचा अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन, अशाच एका सूक्ष्म भोवऱ्यासारखा समजा. बलवान चुंबकात ठेवला की तो ठराविक वेगाने डोलतो. चुंबक जितका जोरदार, तितके डोलणे जलद. आणि नेमक्या त्याच वेगाची रेडिओलहर त्याच्यावर सोडली, तर तो तिच्यातली शक्ती घेतो आणि लहर थांबताच ती परत करतो. झोक्याला नेमक्या वेळी हात दिला तर तो चढत जातो, अवेळी दिला तर नाही, तसेच हे. यालाच अनुनाद म्हणतात. १९३८ साली अमेरिकेत राबी यांनी रेणूंच्या झोतात हे प्रथम पाहिले. १९४५ च्या अखेरीस हार्वर्डला पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मेणात पाहिले, आणि १९४६ च्या आरंभी स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या मंडळींनी साध्या पाण्यात. या दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मंडळी, येथे "रेडिओ" हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. आज दवाखान्यांत दीड टेस्लाचा चुंबक बराच रूढ आहे. त्याची शक्ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारांहून अधिक पट असते. त्यात प्रोटॉन एका सेकंदात सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डोलतो. ही कंपनसंख्या रेडिओचीच आहे. म्हणजे ज्या जातीच्या लहरींवर आमचे भाषण आपल्या घरी येते, त्याच जातीच्या लहरींवर आपले शरीर आपली हकीगत डॉक्टरांस सांगते! यात क्ष-किरण मुळीच नाहीत.

आता मुंबईचे नाव. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमधील प्रयोगशाळेत एस. एस. धर्मट्टी नावाचे भारतीय शास्त्रज्ञ काम करीत होते. १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साधा मद्यार्क त्या चुंबकात ठेवला. अपेक्षा अशी की हायड्रोजन तो हायड्रोजन, सगळ्यांचा सूर एकच निघेल. निघाले तीन निराळे सूर! मद्यार्काच्या एका रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. तीन एका ठिकाणी, दोन दुसऱ्या आणि एक तिसऱ्या ठिकाणी. ज्याचे शेजारी जसे, तसा त्याचा सूर. अणूला आपली आळी असते आणि तो ती सांगतो, हे त्या प्रयोगाने स्वच्छ दिसले. रसायनशास्त्रात तो प्रयोग आजही शिकविला जातो. पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईस, धर्मट्टींनी या विद्येची प्रयोगशाळा उभारली आणि भारतात तिचा पाया घातला. एमआरआय यंत्र त्यांनी केले असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे खोटे होईल. परंतु ज्या ज्ञानाच्या विहिरीतून ते यंत्र पुढे निघाले, ती खणताना एक कुदळ आपल्याही हाताची होती, एवढे म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे.

पंचवीस वर्षे ही विद्या रसायनाच्या नळीत राहिली. माणसापर्यंत ती आली कशी? १९७१ साली अमेरिकेतील दमादियन या डॉक्टराने उंदरांच्या गाठी तपासून दाखविले की गाठीतल्या पाण्याचा प्रोटॉन निरोगी मांसातल्या पाण्यापेक्षा वेगळ्या वेळाने शांत होतो. म्हणजे रोगट जागेचे पाणी वेगळे बोलते. पण ते कुठून बोलते हे कसे कळावे?

त्याचे उत्तर लॉटरबर यांनी १९७३ साली दिले. ते आपल्या गोठ्यात बसून समजेल. रात्रीची वेळ, दिवा नाही. चार बैलांच्या गळ्यांत चार वेगळ्या आवाजांच्या घंटा आहेत. दाव्याची जागा ठरलेली. अंथरुणावरूनच शेतकरी सांगतो, "गव्हाणीकडचा ढवळ्या उठला." डोळ्यांनी पाहिले नाही, आवाजावरून जागा ओळखली. लॉटरबर यांनी हेच केले. चुंबकाची शक्ती एका टोकास किंचित कमी आणि दुसऱ्या टोकास किंचित जास्त ठेवली. मग प्रत्येक जागेचा प्रोटॉन वेगळ्या सुरात डोलू लागला, आणि सुरावरून जागा निघाली. अशा रीतीने त्यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढले. ज्या नियतकालिकाने हा निबंध पुढे छापला, त्यानेच तो आधी परत पाठविला होता! इंग्लंडात नॉटिंगहॅमचे मॅन्सफील्ड यांनी गणित बसवून हे चित्र झटपट काढण्याची युक्ती दिली. ३ जुलै १९७७ रोजी दमादियन यांच्या यंत्राने माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले. त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. दमादियन यांना वगळल्याबद्दल मोठा वाद झाला. तो वाद इतिहासावर सोपवून आपण पुढे जाऊ.

१९८६ साली दिल्लीच्या एका सरकारी संशोधन संस्थेत भारतातले पहिले एमआरआय यंत्र लागले. दिल्लीहून वऱ्हाडात येण्यास त्याला काळ लागला, आणि हा काळ समजून घेण्यासारखा आहे. कारण नुसते यंत्र येऊन भागत नाही. चित्र वाचणारा डॉक्टर लागतो, आणि डॉक्टर घडविणारी शाळा लागते. नागपूरचे मेडिकल १९४७ साली निघाले, तेव्हा अमरावती-अकोल्याचा अवघड रुग्ण तिकडे जाई. अमरावतीहून ते दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. अमरावतीस १९८४ साली, भाऊसाहेब उर्फ पंजाबराव देशमुखांच्या शिक्षणसंस्थेने त्यांच्याच नावाचे वैद्यकीय महाविद्यालय काढले. अकोल्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली आले, अमरावतीस २०२४ साली. आज अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत एमआरआय होतो. परंतु धारणीच्या पलीकडल्या कोरकू माणसास अमरावती अजूनही घाट उतरून दीडशे किलोमीटरच आहे. यंत्र जवळ आले. सगळ्यांच्या सारखे जवळ आले नाही.

आता आपल्या दहाव्या माणसाकडे परत येऊ. मणक्याच्या हाडाच्या पोटात मगज असतो आणि त्यात चरबी बरीच असते. क्षयाचे जंतू तेथे शिरले की सूज येते. सूज म्हणजे पाणी. हाड अजून ढासळलेले नसते, सावली अजून पालटलेली नसते. पण पाणी आलेले असते. एमआरआय नेमके पाणीच ऐकतो. म्हणून क्ष-किरण चित्र "सर्व ठीक" म्हणत असताना एमआरआय सांगतो की या दोन मणक्यांत बिघाड आहे, मधली गादी धरली गेली आहे, बाजूला पू साठतो आहे आणि तो मज्जारज्जूला इतका टेकला आहे. मज्जारज्जू दाबला गेला की पाय जातात. वेळेवर कळले तर बहुतेकांना औषधांनीच बरे करता येते; ती औषधे सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात, आणि वर्षभर किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस न चुकता घ्यावी लागतात. उशीर झाला तर शस्त्रक्रिया, आणि फारच उशीर झाला तर जन्माची खाट. एक माणूस खाटेवर पडला की त्याच्यामागे शेत पडते, पोरीची शाळा सुटते. तेव्हा या चित्राची खरी किंमत रुपयांत नाही, दिवसांत आहे.

म्हणून काही खुणा ध्यानात ठेवा. दुखणे महिना उलटूनही हटत नाही, रात्री निजल्यावरही ठणकते, बारीक ताप येतो, वजन घटते, पाठीवर उंचवटा दिसतो, अशा वेळी चोळणे थांबवा आणि दवाखाना गाठा. मणका दुखावला असताना रगडणे किंवा पाय देणे घातक होऊ शकते. आणि पायांतली शक्ती जाऊ लागली, बधिरपणा चढू लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी जिल्ह्याचे रुग्णालय गाठा. अमरावतीकर ज्याला इर्विन म्हणतात ते, किंवा अकोल्याचे सर्वोपचार. डॉक्टरांना दुखणे किती दिवसांचे, ताप केव्हापासून, घरात कुणाला क्षय झाला होता का, हे सारे सांगा. यंत्राला बोलता येते, पण कुठे ऐकायचे हे आपल्या सांगण्यावरूनच ठरते.

गुरुजी, आपल्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. वर्गात एखाद्या मुलास झटका येतो, तोंडाला फेस येतो. लोक कांदा हुंगवितात, बाहेरची बाधा म्हणतात. त्या मुलाच्या मेंदूत एखादी गाठ, जुनी इजा किंवा पोटातल्या पट्टकृमीची अळी जाऊन बसलेली असू शकते, आणि हे सीटी किंवा एमआरआयमध्ये पाहता येते. त्या घरी जाऊन "हे दुखणे आहे, करणी नव्हे" एवढे आपण सांगितले, तर अर्धे निदान आपल्याच हातून होते.

परंतु, मंडळी, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्र मोठे म्हणून प्रत्येक कंबरदुखीला तेच हवे, हा हट्ट खोटा आहे. धडधाकट माणसाच्या पाठीचे चित्र घेतले तरी वयोमानाने झिजलेली, बाहेर सरकलेली गादी त्यात पुष्कळदा दिसते, आणि तिचा त्रास त्याला काडीचाही नसतो. मग विनाकारण भीती, विनाकारण खर्च. चित्र म्हणजे निकालही नव्हे. क्षय आहे की गाठ, हे ठरविण्यास पुष्कळदा सुईने नमुना काढून तपासावा लागतो. आधी डॉक्टरांचा हात, मग यंत्र. हा क्रम लेनेकच्या काळापासून बदललेला नाही.

प्रत्यक्ष तपासणीत दुखत काहीच नाही. बोगद्यासारख्या पोकळीत अर्धा-पाऊण तास निश्चल पडावे लागते. ठक-ठक असा मोठा आवाज होतो. कानांत बोळे देतात. घाबरू नये, हाती दिलेले बटण दाबले की माणूस येतो. जपावयाचे ते लोखंडाला. तो चुंबक अष्टौप्रहर चालू असतो, रुग्ण आत असो वा नसो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेला; चुंबकाने नळकांड्यासह त्याला खेचले आणि त्याचा जीव गेला. तेव्हा जोडवी, मंगळसूत्र, किल्ल्या, विळा-चाकू, मोबाइल सारे बाहेर ठेवा. हृदयाला लावलेला पेसमेकर, शरीरातली सळई, वेल्डिंगच्या कामात डोळ्यात गेलेला कण, आणि पोटात मूल असेल तर तेही, आधी सांगा.

हे यंत्र महाग का? त्यातला चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवावा लागतो, आणि हेलियम आपल्याला परदेशातून आणावा लागतो. म्हणून आपल्या देशात यंत्र घडविण्याची खटपट चालली आहे. मुंबईस पवईतील समीर या सरकारी संस्थेने दीड टेस्लाच्या यंत्रावर काम केले. बंगळुरूच्या तरुण अभियंत्यांनी घडविलेले यंत्र चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसल्याची वार्ता २०२५ साली आली. चंद्रपूर म्हणजे आपला विदर्भच! उद्या असे यंत्र स्वस्त होऊन धारणी-चिखलदऱ्याच्या पायथ्याशी आले, तर मुंबईच्या त्या जुन्या प्रयोगशाळेचे ऋण फिटले असे म्हणू.

तोवर आपल्या हाती काय आहे? पाण्याच्या थेंबाला प्रश्न विचारणाऱ्यांनी त्यांचे काम केले. उत्तर मिळविण्यास तीस वर्षे लागली. आपल्याला विचारावयाचा प्रश्न फार लहान आहे, आणि तो पारावर बसूनच विचारता येतो : "भाऊ, किती दिवसांपासून दुखून राह्यलं?" उत्तर महिन्याहून मोठे आले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि सकाळची एस. टी. पकडा.